माघातला गारठा आणि वेधशाळेचा आकडा

संक्रांत ओलांडली, दिवस तिळातिळाने मोठा होऊ लागला आणि वसंतपंचमी येऊन गेली, की थंडीचा हिशेब आता मिटला असे धरून चालण्याचा आपल्याकडे शिरस्ता आहे. जो काही उरलासुरला गारठा असेल तो होळीच्या ज्वाळांत जळून जायचा, हे तर ‘होळी जळाली, थंडी पळाली’ या म्हणीने प्रत्येक पिढीला लहानपणीच सांगून ठेवलेले असते. २०१२ साली वसंतपंचमी २८ जानेवारीला झाली. त्यानंतर बारा दिवसांनी, ९ फेब्रुवारीच्या पहाटे, नाशिकचा पारा २.७ अंश सेल्सियसवर उतरला, आणि जिथे लोकरीचे कपडे पेटीतून बाहेर काढण्याचा प्रसंग सहसा येत नाही त्या मुंबईत, सांताक्रूझच्या वेधशाळेत, ८.८ अंशांची नोंद झाली. त्याआधी चारच वर्षांपूर्वी, २००८ च्या ८ फेब्रुवारीला, याच सांताक्रूझला पारा ८.५ अंशांपर्यंत गेलेला होता. म्हणजे माघातल्या या उशिराच्या थंडीला अपूर्व म्हणावे अशी स्थिती नाही. ती अधूनमधून येते, चार-दोन दिवस मुक्काम करते, आणि ज्यांचे वर्षभराचे उत्पन्न त्या चार-दोन दिवसांवर टांगलेले असते त्यांना हवालदिल करून निघून जाते.

असे लोक महाराष्ट्रात कोण, हे सांगण्यासाठी निफाड, दिंडोरी आणि पिंपळगाव बसवंत ही नावे पुरेशी आहेत. गोदावरी आणि कादवा यांच्या खोऱ्यातील या मुलखात ऑक्टोबरच्या छाटणीनंतर द्राक्षवेलीला जो घड येतो तो पौष-माघात भरू लागतो. मण्यांत पाणी उतरते, साखर चढते, आणि फेब्रुवारी ते एप्रिल या अवधीत माल मांडवावरून उतरतो. नेमक्या या टप्प्यावर रात्री कडाक्याची थंडी आणि दुपारी तीस अंशांचे ऊन असा विषम खेळ सुरू झाला, तर वेलीची मुळे आणि पाने यांचा मेळ बिघडतो, साखर भरण्याचे काम मंदावते, फुगलेल्या मण्याची साल ताण सोसू न शकल्यामुळे मणी तडकतात, आणि थॉमसनसारख्या हिरव्या वाणावर गुलाबी छटा चढून तो माल परदेशी व्यापाऱ्याच्या दृष्टीने कमी प्रतीचा ठरतो. त्याच रात्री शेजारच्या शेतातील गहू आणि हरभरा मात्र या थंडीने सुखावत असतात. निफाडजवळ कुंदेवाडीला गव्हाचे संशोधन केंद्र आहे, आणि हिवाळ्यात महाराष्ट्रातील नीचांकी तापमान म्हणून ज्या ठिकाणाचे नाव वर्तमानपत्रांत वारंवार छापून येते ते हेच. एकाच बांधाच्या दोन्ही अंगांना एकाला लाभ व दुसऱ्याला हानी करणारी ही हवा आहे.

अशा वेळी बागायतदार विचारतो तो प्रश्न साधा असतो: आज रात्री पारा किती उतरेल? उत्तर म्हणून त्याला एक आकडा मिळतो. तो आकडा कित्येकदा बरोबर येतो, कित्येकदा दोन अंशांनी चुकतो, आणि क्वचित चार अंशांनी. दोन अंशांची चूक शहरातील माणसाच्या गावीही नसते. द्राक्षबागेत मात्र सहा अंश आणि चार अंश यांमधील अंतर म्हणजे निवांत झोप आणि रात्रभर शेकोट्यांपाशी जागरण यांमधील अंतर होय. म्हणून या आकड्यावर किती भरवसा ठेवावा, कशासाठी ठेवावा आणि कोठे ठेवू नये, याची चौकशी करणे अगत्याचे आहे. आणि ती करताना वेधशाळेला नावे ठेवण्याचा सोपा मार्ग सोडून, मुळात हा आकडा कोणत्या हवेचा असतो हे समजून घेतले पाहिजे असे माझे मत आहे.

थंडी येणार की नाही, हा प्रश्नाचा पहिला आणि तुलनेने सुटलेला भाग. माघातला गारठा आपल्याकडे जन्मत नाही. भूमध्य समुद्राच्या बाजूने निघालेले आणि इराण, अफगाणिस्तान ओलांडून येणारे पश्चिमी विक्षोभ हिमालयावर बर्फ आणि उत्तरेच्या मैदानात पाऊस टाकतात. ते पूर्वेकडे सरकले की त्यांच्या पाठीमागून उत्तरेची कोरडी, शीत हवा राजस्थान व माळव्यावरून दक्षिणेला उतरते, आणि तिचा जोर पुरेसा असेल तर खानदेश, नाशिक, पुणे, मराठवाडा असा प्रवास करीत ती कोकणपट्टीलाही स्पर्श करते. हजारो मैल पसरलेली ही हालचाल उपग्रहांना दिसते, संगणकाच्या गणितात सापडते, आणि तिची चाहूल चार-पाच दिवस अगोदर लागावी इतकी प्रगती गेल्या दोन पिढ्यांत खात्रीने झालेली आहे. साधारणतः दर दहा वर्षांना एका दिवसाची मुदत या शास्त्राने कमावली, असे जगभरातील केंद्रांच्या अनुभवावरून मानले जाते. म्हणजे पूर्वी तीन दिवसांच्या अंदाजाला जेवढी किंमत होती तेवढी आज पाच दिवसांच्या अंदाजाला आहे. ‘येत्या चार दिवसांत उत्तर महाराष्ट्रात किमान तापमानात घट संभवते’ असे वेधशाळा सांगते तेव्हा ते वाक्य गांभीर्याने घ्यावे, त्याप्रमाणे तजवीज करावी, हे मी निःसंकोचपणे सांगेन.

खरी अडचण पुढे आहे. घट होणार हे कळले, तरी अमुक रात्री अमुक ठिकाणी पारा कोठे थांबेल हे सांगणे हा निराळाच व्यवहार आहे. दुपारचे कमाल तापमान वर्तविणे त्या मानाने सोपे, कारण उन्हाने तापलेली जमीन हवेला वर-खाली घुसळत राहते आणि हजार-दीड हजार मीटर उंचीपर्यंतची हवा एकमेकांत मिसळून मैलोगणती एकसारखी होते. सूर्य मावळला की ही घुसळण थांबते. जमीन आपली उष्णता अदृश्य प्रारणाच्या रूपाने आकाशाकडे टाकू लागते. आकाश निरभ्र असेल, हवा कोरडी असेल, वारा पडलेला असेल तर तिला परत काहीच मिळत नाही, आणि तिच्या स्पर्शाने लगतची हवा थरावर थर थंड होत जाते. वर उबदार आणि खाली गार असा हा उलटा क्रम एकदा बसला की शेजारच्या दोन शेतांचा, किंबहुना एकाच शेताच्या दोन टोकांचा, परस्परसंबंध तुटतो आणि प्रत्येक खळगा, प्रत्येक चढ, प्रत्येक ओली वा कोरडी जमीन आपापले तापमान ठरवू लागते. मध्यरात्री एखादा विरळ, उंच ढगांचा पडदा सरकत आला, किंवा पहाटे तीन वाजता मंद झुळूक सुटली, तर पारा उतरायचा थांबतो, कधी दोन-तीन अंश वरही चढतो. दव पडू लागले तरी तसेच होते, कारण वाफेचे पाणी होताना सोडलेली उष्णता थंडीचा वेग कमी करते. म्हणूनच सायंकाळच्या दवबिंदूवरून पहाटेच्या किमान तापमानाचा अदमास घेण्याची जुन्या वेधकांची रीत आजही अगदी टाकाऊ ठरलेली नाही.

आता हा पारा मोजतात कसा, ते जवळून पाहू. वेधशाळेच्या आवारात पांढऱ्या रंगाची, चारही बाजूंना झडपांच्या फटी असलेली एक लाकडी पेटी चार पायांवर उभी असते. थॉमस स्टीव्हन्सन या स्कॉटिश अभियंत्याने, म्हणजे कादंबरीकार रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन यांच्या वडिलांनी, ती एकोणिसाव्या शतकात योजिली. आतील उपकरणे जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर येतील, त्यांच्यावर ऊन पडणार नाही पण हवा मात्र मोकळी खेळेल, अशी ही रचना आहे. किमान तापमानाचा तापमापक तीत आडवा ठेवलेला असतो. लोक सरसकट ‘पारा’ म्हणत असले तरी या नळीत पारा नसतो, मद्यार्क असतो, आणि त्या द्रवात बुडालेली काचेची एक बारीक, काळसर दर्शिका असते. थंडी वाढून मद्यार्क आकसू लागला की त्याचा पृष्ठभाग त्या दर्शिकेला आपल्याबरोबर मागे ओढीत नेतो. उजाडल्यावर तो पुन्हा प्रसरण पावतो तेव्हा तिच्या बाजूने पुढे वाहून जातो आणि तिला जागच्या जागी सोडून देतो. सकाळी साडेआठ वाजता वेधक येतो, दर्शिकेचे द्रवपृष्ठाकडील टोक कोणत्या रेघेवर थांबले आहे ते वाचतो, वहीत लिहितो, आणि तापमापक तिरपा करून तिला पुन्हा द्रवाच्या कडेपाशी आणून ठेवतो. वर्तमानपत्रात दुसऱ्या दिवशी जे ‘नाशिक २.७’ असे छापून येते ते या एका पेटीतील, सव्वा मीटर उंचीवरील, सावलीतल्या हवेचे तापमान होय. गवताच्या पात्याचे ते नसते, मातीचे नसते, द्राक्षाच्या सालीचेही नसते.

निरभ्र रात्री गवत आणि हवा यांत तीन-चार अंशांचा फरक सहज पडतो. पेटीतील तापमापक तीन-चार अंश दाखवीत असतानाही शेतातील पात्यांवर दव गोठलेले आढळते ते यामुळे. त्यात वेधकाची चूक नाही आणि शेतकऱ्याची अतिशयोक्तीही नाही. ही गोष्ट आपल्या देशात फार पूर्वीपासून लोकांना व्यवहाराने ठाऊक होती. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतील अधिकारी सर रॉबर्ट बार्कर यांनी १७७५ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे अलाहाबाद परिसरातील बर्फ तयार करण्याची कृती सविस्तर मांडली आहे: उघड्या मैदानात उथळ खड्डे खणावयाचे, त्यांत उसाची किंवा मक्याची वाळलेली ताटे जाड पसरावयाची, त्यांवर मातीच्या उथळ, बिनझिलईच्या परळांत पाणी भरून ठेवावयाचे, आणि पहाटे सूर्य वर येण्यापूर्वी त्यांतील बर्फ काढून घ्यावयाचे. भोवतालची हवा गोठणबिंदूच्या वर असतानाही हे घडे. खालून ताटांनी जमिनीची ऊब अडविलेली आणि वरून निरभ्र आकाश सारी उष्णता शोषून घेणारे, अशा दुहेरी योजनेचे ते फळ होते. दवाची मीमांसा करणाऱ्या विल्यम चार्ल्स वेल्स यांनाही पुढे या भारतीय कृतीची दखल घ्यावी लागली.

याहून आश्चर्यकारक शोध पुण्याशी निगडित आहे. हवामान खात्याचे मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्यास आले, आणि शिवाजीनगरच्या त्या परिसराला पुणेकर आजतागायत सिमला ऑफिस म्हणतात. तेथे १९३२ मध्ये कृषी हवामानशास्त्राची शाखा निघाली आणि तिची धुरा सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांचे शिष्य एल. ए. रामदास यांच्याकडे आली. शांत, निरभ्र रात्री सर्वांत थंड हवा अगदी जमिनीला चिकटलेली असणार, हे तोवर सर्वांनी गृहीत धरलेले होते, कारण गार होण्याचे मूळच मुळी जमीन. रामदास आणि त्यांचे सहकारी आत्मनाथन यांनी प्रत्यक्ष उपकरणे लावून पाहिले, तेव्हा उघड्या जमिनीवर सर्वांत थंड थर जमिनीलगत नव्हे, तर तिच्यापासून वीतभर ते हातभर उंचीवर तरंगत असल्याचे त्यांना आढळले. १९३२ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. उपकरणांच्या मांडणीतील काही दोष असावा, अशी शंका परदेशी विद्वानांनी दीर्घकाळ बाळगली. परंतु निरीक्षणे पुनःपुन्हा तशीच येत राहिली, आणि अखेर त्या थराला ‘रामदास थर’ असे नाव पडले. त्याची सैद्धान्तिक उकल १९९० नंतरच्या दशकात बंगळूरच्या रोद्दम नरसिंह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाती घेतली, आणि पुढील प्रयोगांत जमिनीलगतच्या हवेत तरंगणाऱ्या सूक्ष्म कणांच्या प्रारणाकडेही लक्ष वेधले गेले. हरभऱ्याचा शेंडा, टोमॅटोचे कोवळे रोप, कांद्याची पात ही सारी याच हातभर उंचीवर वाढतात, हे लक्षात घेतले म्हणजे पुण्यातील त्या निरीक्षणांचे मोल कळेल. आपल्या शालेय पुस्तकांत या शोधाचा उल्लेखही नसावा, याची मला फार खंत वाटते.

उंचीबरोबर जागेचाही प्रश्न आहे. थंड हवा जड असल्याने ती पाण्याप्रमाणे उतार शोधीत खाली येते आणि नदीकाठच्या सखल भागात साचते. निफाडच्या गोदाकाठी, नांदूरमध्यमेश्वरच्या बाजूला, माळावरच्या वस्तीपेक्षा रात्र अधिक गार का असते याचे कारण हेच. वेधशाळेचे संगणक मात्र पृथ्वीचा पृष्ठभाग चौकटींत विभागतात. आपल्या हवामान खात्याच्या जागतिक प्रारूपात अलीकडेपर्यंत अशी एकेक चौकट सुमारे साडेबारा किलोमीटरची होती. पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने विकसित केलेली आणि मे २०२५ मध्ये रुजू झालेली नवी प्रणाली ती सहा किलोमीटरपर्यंत आणते. हे मोठेच पाऊल आहे. तथापि सहा किलोमीटरच्या चौकटीतही नदी असते, माळ असतो, गाव असते आणि डांबरी रस्ता असतो, आणि संगणकाला या सर्वांचे मिळून एकच तापमान द्यावे लागते. शिवाय त्याच्या गणितातील सर्वांत खालचा थरही पेटीच्या उंचीच्या बराच वर असतो. तेथून खालच्या हवेचा आकडा काढताना जी सूत्रे वापरतात ती वाऱ्याच्या रात्री चांगली चालतात आणि निवांत, स्तब्ध रात्री, म्हणजे नेमकी गरज असेल तेव्हाच, दुबळी पडतात.

हे दुबळेपण शास्त्रज्ञांपासून लपलेले नाही. कृषी सल्ल्यासाठी दिलेल्या अंदाजांची पडताळणी करताना आपल्याकडे असा दंडक आहे, की प्रत्यक्ष तापमान अंदाजाच्या एक अंशाच्या आत आले तर अंदाज बरोबर, दोन अंशांच्या आत आले तर उपयुक्त, आणि त्याहून दूर गेले तर निरुपयोगी. प्रारंभीच्या स्थितीत किंचित फेरफार करून एकाच वेळी एकवीस वेगवेगळी गणिते चालविण्याची पद्धतही खात्याने २०१८ पासून अवलंबिली आहे. एकवीसही उत्तरे पाच-सहा अंशांभोवती गोळा झाली तर विश्वास ठेवावा; ती चार ते अकरा अशी विखुरली तर त्या रात्रीचे भविष्य अद्याप निश्चित नाही असे समजावे, इतका बहुमोल मजकूर त्या पद्धतीत भरलेला असतो. बागायतदाराच्या मोबाइलवर मात्र या सर्वांतून एकच आकडा येतो. विखुरलेपणाचे ज्ञान दप्तरात राहते आणि ज्याला त्याची निकड आहे त्याच्यापर्यंत पोहोचत नाही, ही माझी या व्यवस्थेविषयीची मुख्य तक्रार आहे. ‘किमान तापमान सात अंश’ असे म्हणण्याऐवजी ‘पाच ते नऊ अंश, सखल भागात आणखी दोन-तीन अंश कमी’ असे म्हटले, तर शेतकरी गोंधळेल अशी भीती काही जण व्यक्त करतात. बाजारभाव, पाऊस आणि मजूर यांची अनिश्चितता जन्मभर पेलणारा हा वर्ग तापमानाच्या अनिश्चिततेने गोंधळेल, हे मला मुळीच पटत नाही.

अंदाज मिळाल्यावर करावयाचे उपायही त्याच्या भरवशाशी बांधलेले आहेत. बागेत जागोजाग काडीकचऱ्याच्या शेकोट्या करणे, पहाटे ठिबकने विहिरीचे पाणी सोडणे, घडांना कागदाचे वेष्टण घालणे हे नाशिक भागातील रूढ उपाय होत. शेकोटीचा धूरच थंडी अडवितो असा सार्वत्रिक समज आहे. वस्तुतः धुराचा वाटा थोडा, काम करते ती शेकोटीची उष्णता आणि तिच्यामुळे वरची उबदार हवा खालच्या गार हवेत मिसळण्याची क्रिया. म्हणून धूर खूप आणि ज्वाळा नाहीत अशा एका मोठ्या ढिगापेक्षा लहान, जळत्या शेकोट्या अनेक ठिकाणी केलेल्या बऱ्या. विहिरीचे पाणी माघातल्या पहाटेच्या हवेहून पुष्कळच कोमट असते, आणि भिजलेली जमीन दिवसाची उष्णता अधिक साठवून रात्री ती सावकाश सोडते. हे सर्व करावयास सरपण, वीज, मजूर आणि जागरण लागते. चुकीच्या रात्री ते खर्ची पडले तर नेमक्या रात्री हात रिकामे राहतात.

अंदाज अचूक असूनही नुकसान टळत नाही, याचा दाखला फ्रान्सने दिला आहे. २०२१ च्या मार्च महिन्यात तेथे अवेळी ऊब पडली, द्राक्षवेलींना लवकर कोंब फुटले, आणि एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात ध्रुवाकडील हवा उतरून रात्री गोठणबिंदूखाली गेल्या. शाब्लीच्या टेकड्यांवर हजारो मेणाचे डबे पेटवून लोक रात्रभर बागांत उभे राहिले, तरीही त्या हंगामाचे फार मोठे पीक गेले. त्या घटनेची नंतर चिकित्सा झाली तेव्हा असे दिसले, की तापत्या पृथ्वीवर अशी शीत रात्र स्वतः विरळ होत असली तरी कोंब त्याहूनही लवकर फुटू लागल्यामुळे हानीचा संभव वाढलाच आहे. जग तापत आहे तेव्हा थंडीच्या अंदाजाची फिकीर कशाला, असे म्हणणाऱ्यांनी हा दाखला ध्यानात ठेवावा.

आपल्याकडे करता येण्याजोगे पुष्कळ आहे, आणि ते खर्चिकही नाही. ज्या बागायतदाराने आपल्या बागेच्या सर्वांत सखल कोपऱ्यात, घडाच्या उंचीवर, सावली करून एक किमान तापमापक टांगला आणि हंगामभर रोजच्या अंदाजाशेजारी आपला आकडा लिहून ठेवला, त्याला असे आढळेल की निरभ्र, निवांत रात्री आपली बाग अंदाजाहून जवळपास ठरावीक अंतराने खाली उतरते आणि ढगाळ वा वाऱ्याच्या रात्री त्याच्याशी जुळते. हा फरक एकदा हाती आला की तोच चुकणारा अंदाज त्याच्या कामाचा होतो. वर्तमानपत्रांनीही किमान तापमानाच्या कोष्टकात कालचा अंदाज आणि आजची नोंद शेजारी शेजारी छापण्यास काहीच हरकत नसावी.

सरकारच्या हाती यापेक्षा अधिक आहे. महावेध योजनेखाली राज्यात महसूल मंडळवार दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली, आणि हवामानावर आधारित फळपीक विम्याची भरपाई आता आपल्या मंडळातील केंद्राच्या नोंदीवरून ठरते. केंद्र माळावर आणि बाग नदीकाठी असेल, तर ज्या पहाटे बागेतले दव गोठले त्या पहाटे केंद्रावर विम्याच्या अटीत बसणारे तापमान नोंदलेच जात नाही, आणि बागायतदाराचे खरे नुकसान कागदावर घडलेलेच नसते. पंचनाम्याला माणूस येतो, तो डोळ्यांनी पाहतो. तापमापकाला डोळे नाहीत, त्याला जेथे उभे केले तेथलीच हवा तो मोजणार. गोदाकाठच्या मंडळांत एका केंद्राच्या जोडीला सखल जागी दुसरे केंद्र बसवावे, दोन्ही ठिकाणच्या किमान तापमानातील फरक दोन-तीन हंगाम नोंदवावा, आणि विम्याची अट ठरविताना तो हिशेबात धरावा, एवढी मागणी द्राक्ष बागायतदारांनी पुढचा हंगाम सुरू होण्याआधीच कृषी खात्याकडे लेखी करावयास हवी.